मागच्या बाकावरची काळजी

मोटार बंद पडली की सगळे ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहतात. चालू असली की कोणी पाहत नाही. त्यामुळे आमच्या धंद्यातल्या माणसाला आपल्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे सहसा सुचत नाही. संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी चिठोऱ्यावर मुद्दे काढले : कोळसा, घाट, रहमानचाचा, शेवंता. एवढेच निघाले. बाकीची सगळी नोकरी त्यात मावली नाही, आणि मावावी असेही वाटले नाही.

मी मलकापूर ते बुलढाणा मोटार चालवतो. बुलढाण्याला आगगाडी नाही. साहेब, वकील, मास्तर, दवाखान्याचा पेशंट, आंब्याच्या पाट्या, जे काही आगगाडीने येते ते मलकापूरला उतरते आणि आमच्या मोटारीत बसून मोताळा, राजूर करत घाट चढते. घाट चढला की हवा बदलते. खाली उन्हात भांडत बसलेली माणसे वर आल्यावर घोंगडी शोधू लागतात.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कूपनावर मिळू लागले आणि मालकाने मोटारीच्या पाठीला कोळशाची टाकी बसवून घेतली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी. वरून लाकडी कोळसा भरायचा, खालच्या भोकातून पेटता बोळा लावायचा आणि हाताचा पंखा गरगरा फिरवत राहायचे. कोळसा धुमसला की त्याचा वायू नळीतून इंजिनाकडे जातो आणि त्या वायूवर मोटार चालते. वायू तयार झाला की नाही ते पाहायला नळीच्या तोंडाशी काडी धरायची. ज्योत निळी लागली तर निघा. पिवळी लागली तर पुन्हा पंखा फिरवा. आमचा क्लीनर उकर्डा माझ्याहून वयाने मोठा, गुडघ्यांनी अधू आणि तोंडाने धट्टाकट्टा. पंखा फिरवताना तो उतारूंकडे पाहून म्हणे, "बसा बाप्पा निवांत. मोटारीचा चहा उकळून राह्यला."

पेट्रोलची मोटार जागी असते. कोळशाची मोटार अर्धवट झोपेत चालते. तिचा आवाज जात्यासारखा घरघरता असतो. चढावर तिचा दम जातो, उतारू खाली उतरून चालू लागतात, आणि पुष्कळदा ते पुढे आणि मोटार मागे अशी वरात निघते. तिला घाई चालत नाही. पेट्रोलच्या सवयीने पाय दाबला की ती आणखी जोरात पळण्याऐवजी गुदमरते. टाकीत वायू जितका तयार होतो तितकाच मागायचा. ज्याला हे कळले नाही त्याने कोळशावर गाडी चालवू नये.

मला मोटार शिकवली मलकापूरच्या रहमानचाचांनी. अंगाने वाळके, डोळ्यांत सुरमा, आणि घाटाच्या प्रत्येक वळणाला त्यांनी नाव ठेवलेले. एक वळण सासू, एक वळण सावकार. पहिल्यांदा घाटात हातात चाक दिले तेव्हा माझे लक्ष ठिकाणावर नव्हते. घरी वडील अंथरुणाला खिळले होते. चाचांनी ते ओळखले. मोटार बाजूला घ्यायला लावली आणि विचारले, "फिकर कुठी बसून राह्यली तुही?"

मी म्हटले, "चाचा, काढून टाकतो डोक्यातून."

"नोको! उतरवू नोको तिले. उतरवली तं मोटारीमांगं धावत येते, अन् तू तिच्याचकडं पाहत राह्यशीन. तिकीट काढ, मांगच्या बाकावर बसव. येऊ दे बिचारीले आपल्यासंगं. पण पुढं बसवू नोको, बेटा. पुढं बसली का ते चाक धरते."

पुढची सीट म्हणजे ड्रायव्हरशेजारची. तिचे तिकीट जास्त, आणि मान त्याहून जास्त. तिथे जमादार, देशमुख, नाहीतर वकील बसतात. काळजीला मात्र मागचा बाक, जिथे गाठोडी आणि कोंबड्या असतात.

चाचांचा नियम मी घेतला आणि त्याला माझा एक जोडला. मला याद्यांची खोड आहे. घाट लागला की प्रत्येक वळणाच्या आधी चाकावर बोटे आपटत मी मनाशी म्हणतो : पाणी, राख, ब्रेक, काच, हॉर्न. इंजिनात पाणी, टाकीत राख साचलेली नाही ना, ब्रेक लागतो ना, काच खाली आहे ना, हॉर्न वाजतो ना. चाचा हसत. "तुही जपमाळ," म्हणत. काच खाली ठेवायचे कारण कोळशाचा वायू. तो गळतीने आत आला आणि हवा खेळती नसली तर माणसाला गुंगी येते. धूर निदान डोळ्यांना झोंबतो. हा वायू झोंबत नाही. पांघरूण घातल्यासारखा येतो.

लक्ष विचलित करणारे काय, रोजचेच. बुलढाण्याला कोर्ट आहे. तारखेच्या दिवशी दोन्ही पक्ष आणि त्यांचे साक्षीदार एकाच मोटारीत. एकदा राजूर सोडले तोच मागे सुरू झाले.

"बांध कोणाचा हाय ते साऱ्या गावाले माहीत हाय!"

"मंग गावाले काऊन सांगतं? जज्जाले सांग!"

"तुह्या साक्षीदाराले तं बांध कुठी हाय तेही माहीत नाही, बे!"

उकर्ड्याने कोंबड्यांची पाटी उचलून दोन्ही पक्षांच्या मध्ये ठेवली आणि बजावले, "कोंबडीले लाथ लागली तं दोघाईचा खटला मी इथंच निकालात काढीन." घाटभर कोंबड्या बोलल्या, माणसे गप्प. मी यादी म्हणत वर आलो.

आता ज्या दिवसासाठी लिहायला बसलो तो दिवस.

शेवंता, माझी बायको, बाळंत होऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. मुलगी झाली होती. मुलगी बरी होती. आईला ताप चढला. बाळंतपणानंतरचा ताप म्हणजे काय ते त्या वेळच्या घराघरांत ठाऊक होते, कोणी मोठ्याने बोलत नसे. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितले, "यावर नव्या गोळ्या निघाल्या आहेत. इथे नाहीत. अकोल्याला तार केली आहे. दुपारच्या गाडीच्या गार्डाबरोबर मलकापूरला येतील. आज मिळाल्या पाहिजेत."

मी शेवंताजवळ जाऊन उभा राहिलो. तिने डोळे उघडले, मला पाहिले आणि म्हणाली, "मोटार सुटायची येळ झाली ना? जा मंग." एवढे बोलून पुन्हा डोळे मिटले.

दुसरा ड्रायव्हर हिवतापाने पडला होता. मोटार खाली न्यायला मीच होतो, आणि मोटार खाली गेली नाही तर गोळ्या वर येणार नव्हत्या. म्हणजे विचार करण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी निघालो.

भाद्रपदाचे दिवस. उतरताना घाटात ऊन होते. मलकापूरला गाडी आली, गार्डाने खाकी कागदात बांधलेला पुडा माझ्या हातात ठेवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. मी तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि लगेच ध्यानात आले की हात सारखा खिशाकडे जातो आहे. चाचांचा नियम आठवला. मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. नाव विचारले, गयाबाई. साखरखेर्ड्याकडची, लेकीला भेटून परत चाललेली. कपाळावर गोंदण, पायांत काही नाही. मी तिला म्हटले, "आजी, एवढं सांभाळाल? घरच्या माणसाचं औषध आहे. मागंच राहू द्या."

तिने पुडा हातात तोलून पाहिला. "कोणाचं?"

"बायकोचं."

"बाळंतीण हाय?"

मी नुसती मान हलवली. कसे ओळखले कोण जाणे. तिने पुडा पदरात बांधला, गाठ दातांनी आवळली आणि म्हणाली, "जाय लेका. चालव मोटार."

पुढच्या सीटवर उंद्रीचे एक देशमुख होते. डोक्याला नवा जरीचा रुमाल, हातात छत्री, जावयाच्या तक्रारी. राजूर येईपर्यंत झिमझिम सुरू झाली. देशमुख म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, काच वर घ्या ना. रुमालाचा सत्यानाश होऊन राह्यला." एरवी मी हुज्जत घातली असती. त्या दिवशी मला बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. त्यांनी आपली काच वर घेतली, मीही माझ्याकडची घेतली. मागच्यांनी ताडपत्रीचे पडदे सोडले. मोटार चहूबाजूंनी बंद झाली आणि आम्ही घाटाला लागलो.

पहिल्या वळणापासून धुके होते. वारा पाठीमागून, म्हणजे टाकीचा धूर आमच्याच संगतीने वर येणारा. मोटार जात्यासारखी घरघरत होती. देशमुखांचा जावई हळूहळू बोलण्यातून नाहीसा झाला आणि त्यांची मान छातीवर आली. मागेही कोणी बोलेना. टपावर पावसाचे थेंब टिकटिक वाजत होते. मला तो आवाज ओळखीचा वाटला. कशाचा ते शोधत होतो, तेवढ्यात शेवंता दिसली.

ती माझ्या आणि देशमुखांच्या मध्ये बसली होती. मांडीवर सूप, आणि सुपात गहू. ती खडे निवडून एकेक खाली टाकत होती; टिक, टिक. म्हणजे तो आवाज खड्यांचा होता तर. मला नवल वाटले नाही. ही बरी झाली, एवढेच वाटले, आणि फार बरे वाटले. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, "येवढी काय घाई करता? बसा ना जरासे."

रस्ता समोर रुंद होत गेला. अंगणासारखा, सारवलेला, कोरडा. त्यावर कुठे वळण नव्हते. पलीकडे पांढरे काही होते, धुके असेल, कापूस असेल. कापसात पाय ठेवला की पाय जसा आत जातो तशी मोटार अलगद आत जाईल असे वाटत होते. मला कसलीच काळजी नव्हती. पुडा नाही, ताप नाही, दवाखाना नाही. इतके हलके मला लहानपणानंतर कधी वाटले नव्हते.

बोटे मात्र आपल्या सवयीने चाकावर आपटत होती. पाणी. राख. ब्रेक. पुढचे बोट उचलले गेले आणि शब्द आला नाही. पुन्हा पाणी, राख, ब्रेक, आणि बोट हवेत. शेवंता म्हणाली, "राहू द्या ना ते." मी त्या बोटाकडे पाहत राहिलो. त्याच्यामागे वाफेने आंधळी झालेली काच होती.

काच.

तो शब्द सापडला आणि त्याच्यासंगे दुसरी गोष्ट लख्ख कळली. ज्या माणसाची बायको तापाने फणफणते आहे त्याला काळजी वाटत नाही, म्हणजे काहीतरी भलतेच चालले आहे. चाचांनी म्हटले होते, उतरवू नोको तिले. माझी काळजी माझ्या नकळत कुठेतरी उतरून गेली होती.

मी ब्रेक दाबला. दार ढकलून ओरडलो, "उकर्ड्या, गुटका!" उकर्डा मागच्या शिडीवर उघड्या हवेत लटकत यायचा, म्हणून तोच एक पुरता शुद्धीवर होता. त्याने उडी टाकून चाकाखाली लाकडी गुटका सरकवला. मी खाली उतरलो तो गुडघ्यांवरच. समोर सावकार नावाचे वळण होते, आणि आमचे पुढचे चाक कठड्याच्या दगडाला जवळजवळ टेकले होते. कठड्यापलीकडे नुसते पांढरे.

आम्ही पडदे फाडल्यासारखे वर केले आणि एकेकाला हाताला धरून खाली घेतले. कोणी ओकले, कोणी रस्त्यातच आडवे झाले. देशमुख डोके धरून कठड्यावर बसले. रुमाल चिखलात पडला होता आणि त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. गार वाऱ्याने हळूहळू माणसे बोलू लागली. एक जण विचारत होता, "बुलढाणा आलं काय हो?"

उकर्डा म्हणाला, "बुलढाणा नाही, यमाचा नाका आला होता. चुकवला डायवरनं."

टाकीचे एक झाकण नीट बसले नव्हते. ते आवळले, राख काढली, उकर्ड्याने पंखा धरला. मी माणसे मोजली, तर एक माणूस कमी भरला. गयाबाई नव्हती.

"म्हातारी कुठे?"

एका बाईने सांगितले, "ते तं उतरल्याबरोबर गेली. त्या पायवाटेनं, वरतं."

वळणे टाळून सरळ वर चढणारी गुराख्यांची वाट आहे. धुक्यात ती तोंडाशीच संपलेली दिसत होती. मी हाका मारल्या. घाटाने माझाच आवाज परत दिला.

रहमानचाचांच्या नियमात ही सोय नव्हती. काळजी मागच्या बाकावरून उतरून स्वतःच पुढे चालू लागली, तर काय करायचे?

मी वाटेकडे दोन पावले टाकलीही. निसरडे दगड, म्हातारी, तिच्या पदराच्या गाठीत शेवंताचा जीव. देशमुख कठड्यावरून म्हणाले, "जा तुम्ही. आम्ही थांबतो इथं. बायकोपेक्षा मोटार मोठी नाही."

त्यांचे बोलणे मनापासून होते. मी उकर्ड्याकडे पाहिले. तो पंखा फिरवत होता, थांबला नाही. म्हणाला, "जायचं तं जा. पण धुक्यात दोन माणसं हरवण्यापरीस एक बरं. अन् हे समदे वळणावर बसले हायेत. वरून एखादी मोटार आली तं?"

मी परत आलो. नळीच्या तोंडाशी काडी धरली. ज्योत पिवळी लागली. त्या वेळी ती पिवळी ज्योत पाहून मला काय वाटले ते लिहिता येत नाही. तशीच मोटार हाणावी असे पाय म्हणत होते. पण पिवळ्या ज्योतीवर मोटार पुढच्या वळणापर्यंतही गेली नसती. मी उकर्ड्याच्या हातून पंखा घेतला आणि फिरवू लागलो. दुसरे काहीच करायचे नव्हते. घाट, धुके, म्हातारी, दवाखाना, सगळे त्या दांड्याच्या गिरक्यांत होते. पुन्हा काडी धरली, तेव्हा फुलासारखी निळी ज्योत लागली.

उतारूंनी बसायला नकारच दिला. ते मोटारीपुढे चालू लागले. धुक्यात त्यांच्या पाठी दिसत, विरत, पुन्हा दिसत. उकर्डा गुटका घेऊन मागच्या चाकाजवळून चालत होता. मी काचा खाली करून, तोंडावर पाऊस घेत, टाकी देईल तेवढाच वायू मागत होतो. प्रत्येक वळणावर वाटे, आता दिसेल. दिसत नसे. मग बोटे : पाणी, राख, ब्रेक, काच, हॉर्न. सासू गेली. आणखी एक वळण गेले. मी हॉर्न जास्तच वाजवत होतो. ती ऐकेल म्हणून.

घाटमाथ्यावर धुके एकदम संपले. उन्हात मैलाचा दगड होता आणि त्यावर गयाबाई बसली होती, पायातला काटा काढत.

"काऊन रे, इतका उशीर?" ती म्हणाली.

मोटार थांबवून मी खाली उतरलो. विचारले, "आजी, तुम्ही का गेलात?"

"तूच म्हणे ना, मांगं ठेव. मोटार उभी राह्यली तं मांगं काय अन् पुढं काय? बाळंतिणीचं औषध, ते काय मोटारीसाठी थांबते? मले वाटलं, तू नाही आला तं चालत नेऊन देऊ." तिने गाठ चाचपून दाखवली. "हे पाह्य. सुकं हाय."

बुलढाण्याला गोळ्या डॉक्टरांच्या हातात दिल्या तेव्हा दिवस अजून होता. मी स्टँडवर परत आलो तोवर गयाबाई साखरखेर्ड्याकडे जाणाऱ्या छकड्यात बसून निघून गेली होती. तिच्या लेकीचे गाव, घरचे आडनाव, काहीच मी विचारले नव्हते. तिकडचा कोणी भेटला की मी अजून विचारतो. गोंदण असलेल्या गयाबाया तिकडे पुष्कळ निघतात. ती मात्र निघत नाही.

शेवंताचा ताप उतरायला वेळ लागला. आधी रात्री उतरू लागला, मग दिवसा, मग ती भाकर मागू लागली. मी रहमानचाचांना मलकापूरला सगळे सांगितले. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. ओट्यावर बसून आवाजावरून मोटार ओळखतात. शांतपणे ऐकून म्हणाले, "फिकर पुढं निंघून गेली, मंग तू काय केलं?"

"हळूच चालवली, चाचा."

"बस," ते म्हणाले. "तेवढंच असते."

आता पेट्रोल पुन्हा मिळते. टाकी स्टँडमागे गंजत पडली आहे आणि तिच्यात एक कोंबडी अंडी घालते. धुके असले की मला अजूनही टपावर गहू निवडल्याचा आवाज येतो, आणि मी काच आणखी खाली करतो.

शेवंता दवाखान्यातून सुटली त्या दिवशी तिला माहेरी उंद्रीला न्यायचे होते. त्या दिवशी आमची मोटार चिखलीपर्यंत जाणार होती, पुढे बैलगाडी. मुलगी कुशीत घेऊन ती सवयीने मागच्या दाराकडे वळली. लग्न झाल्यापासून ती कधी पुढे बसलीच नव्हती. मी पुढचे दार उघडून उभा राहिलो.

"इथं?" ती म्हणाली. "इथं तं मोठे लोक बसतात."

तेवढ्यात तेच देशमुख छत्री घेऊन आले. त्यांनी उघडे दार पाहिले, शेवंताला पाहिले, बाळाकडे वाकून पाहिले. मग मागे गेले आणि गाठोडी सरकवून शेवटच्या बाकावर बसले. उकर्डा त्यांना म्हणाला, "देशमुखसाहेब, कोंबड्या हायेत हो तिथं." ते म्हणाले, "असू दे बे. मी त्याईचंच तिकीट काढलं."

शेवंता पुढे बसली. पदर सावरला, बाळ नीट धरले, समोरचा रस्ता पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारले, "हे काच खाली कशी करतात?"